विमानाच्या सीटला सरकार पैसे देतं, मग शेअर जीपच्या सीटला का नाही?

१२ ऑगस्ट २०२५. राज्य मंत्रिमंडळाच्या बैठकीत सोलापूर-पुणे-मुंबई विमानसेवेसाठी एक निर्णय झाला. विमान कंपनीला एक वर्षासाठी प्रत्येक सीटमागे ३,२४० रुपये द्यायचे. एकूण खर्च १७ कोटी ९७ लाख.

हा आकडा कसा आला, ते कॅल्क्युलेटर काढून बघता येतं. ७६ सीटचं विमान, रोज एकदा जाणार आणि एकदा येणार, म्हणजे १५२ सीट. गुणिले ३६५ दिवस, गुणिले ३,२४०. उत्तर बरोबर १७ कोटी ९७ लाखांवर येतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोलापूर-मुंबई सेवा सुरूही झाली.

या निर्णयावर टीका करायची म्हणून हे सांगत नाहीये. सोलापूरकरांनी विमानासाठी कित्येक वर्षं वाट पाहिली होती. मुद्दा त्यामागच्या तत्त्वाचा आहे. सेवा गरजेची आहे, पण नुसत्या तिकिटावर कंपनीचं भागत नाही, तेव्हा मधली तूट सरकार भरतं. याला ‘व्हायबिलिटी गॅप फंडिंग’ म्हणतात. सोप्या मराठीत तूट-भरपाई.

आता याच सोलापुरातून तुळजापूरच्या रस्त्याला लागा. जिल्ह्याची हद्द ओलांडली की तामलवाडी लागते. बऱ्याच जणांना हे गाव टोलनाक्यामुळे माहीत आहे. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांना ते पायाखालच्या रस्त्यामुळे माहीत आहे. इथून रोज सोलापूरला कॉलेजला, दवाखान्याला, कामाला जाणाऱ्या माणसाची सीट मात्र दोन प्रकारची असते. एसटीत बसला तर त्या सीटमागे सरकार उभं असतं. एसटी थांबली नाही म्हणून शेअर जीपमध्ये बसला, तर त्याच माणसाच्या, त्याच प्रवासाच्या मागे कुणीच नसतं.

ही जीप, टमटम किंवा टॅक्सी सरकारी पैशाच्या आधारावर सार्वजनिक वाहतूक म्हणून चालवता येईल का? जगात काही ठिकाणी हे करून झालंय. भारतातही झालंय. काही ठिकाणी जमलं, काही ठिकाणी अंगाशी आलं.

जीप भरल्याशिवाय का सुटत नाही?

सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे, त्यामुळे इथे जरा थांबू.

हिशेब समजण्यासाठी काही आकडे धरून चालू. एका फेरीचा सगळा खर्च, म्हणजे डिझेल, चालकाचा रोज, गाडीचा हप्ता, विमा मिळून ५०० रुपये. दहा जण बसले आणि प्रत्येकाने ५० दिले, तर फेरी कशीबशी भागली. चारच जण बसले तर जमले २०० आणि खिशातून गेले ३००. म्हणून जीपवाला थांबतो. ‘अजून दोन सीट, लगेच निघू’ हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. त्या दोन सीट भरायला दहा मिनिटं लागतील की पाऊण तास, हे त्यालाही माहीत नसतं. उशीर भरून काढायला तो दहाच्या जागी चौदा जण कोंबतो. आणि संध्याकाळी सातनंतर, चारच जण मिळणार हे माहीत असल्यामुळे, तो येतच नाही.

आता समजा सरकारने सांगितलं, की सकाळी सात, दुपारी दीड, संध्याकाळी सहा आणि रात्री आठ या वेळांना गाडी सुटलीच पाहिजे, चार जण असोत की दहा. कमी पडतील ते आम्ही देऊ. मग त्या पैशातून काय विकत घेतलं गेलं? आपल्याला वाटतं तिकीट स्वस्त झालं. तेही होईल. पण खरी वस्तू विकत घेतली ती म्हणजे वेळ. गाडी किती वाजता सुटणार हे ठरलेलं असणं. रात्री आठची गाडी नक्की आहे, हे माहीत असेल तर मुलीला सोलापूरच्या कॉलेजात पाठवायचं की नाही, हा घरातला निर्णय बदलू शकतो. रिकामी जाणारी रात्रीची ती एक फेरी सगळ्यात तोट्याची असते आणि दिवसभराच्या गर्दीच्या फेऱ्या तिच्यामुळेच भरतात, कारण परतीची खात्री नसेल तर माणूस सकाळी निघतच नाही.

एसटी नेमकं हेच काम करत आली आहे. ठरलेल्या वेळी, भरली असो वा रिकामी, सुटायचं. फरक इतकाच, की चार प्रवाशांसाठी चाळीस सीटची बस पळवणं जीपपेक्षा कितीतरी महाग पडतं. म्हणून आगारात गाड्या कमी पडल्या की पहिली कात्री कुठे लागते? आतल्या गावांच्या फेरीला. मुक्कामी गाडीला.

सवलत प्रवाशाला आहे की बसला?

महाराष्ट्रात प्रवासावर सरकारी पैसा कमी खर्च होत नाही. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटी मोफत आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट. १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेतून मोफत पास. या सवलतींची भरपाई राज्य सरकार एसटी महामंडळाला देतं.

शहरांतही तेच. पुण्यात पीएमपीएमएलची तूट पुणे महापालिका ६० आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ४० टक्के या प्रमाणात भरते. केंद्राच्या ‘पीएम ई-बस सेवा’ योजनेत बस चालवणाऱ्याला किलोमीटरमागे मदत मिळते. मोठ्या बसला २४ रुपये, मध्यमला २२, छोट्या सात मीटरच्या बसला २०. सोलापूरचं नावही या योजनेतल्या शहरांच्या यादीत आहे.

पण नीट बघितलं, तर यातली प्रत्येक सवलत बसला चिकटलेली आहे. महिलेला अर्धं तिकीट आहे, असं आपण म्हणतो. खरं म्हणजे एसटीतल्या महिलेला अर्धं तिकीट आहे. सात मीटरच्या बसपर्यंत सरकार खाली उतरतं आणि तिथेच थांबतं. हायवेच्या आत असलेल्या काटी, सावरगावसारख्या गावातून तामलवाडीच्या रस्त्यापर्यंत यायला बस मिळाली नाही, तर तेवढा तुकडा पूर्ण पैसे देऊन जायचा. म्हणजे जिथे सरकारी सेवा सगळ्यात कमी, तिथल्याच माणसाला सवलतही सगळ्यात कमी. पंचाहत्तरीच्या आजोबांना तुळजापूर ते मुंबई फुकट आहे. घर ते फाटा मात्र नाही.

एसटी बंद पडली तेव्हा काय झालं?

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. ८ नोव्हेंबरला राज्य सरकारने अधिसूचना काढली: संप असेपर्यंत खासगी बस, शाळेच्या बस, कंपन्यांच्या बस, इतकंच काय मालवाहू वाहनांनाही प्रवासी नेता येतील. मोटार वाहन कायद्यातच तशी तरतूद आहे. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये कामावर हजर होण्यासाठी २२ तारखेची मुदत दिली, तोवर पाच महिन्यांहून जास्त काळ ग्रामीण महाराष्ट्र मोठ्या प्रमाणात जीप, टमटम आणि मिळेल त्या गाडीवर चालला.

म्हणजे अडचण आली, की याच गाड्या सार्वजनिक वाहतूक ठरतात. अडचण संपली, की त्याच ‘अवैध वाहतूक’ होतात आणि एसटी स्थानकापासून २०० मीटर लांब उभ्या करायच्या असतात.

कायद्यातही हा घोळ आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सहापेक्षा जास्त प्रवासी, प्रत्येकाचं वेगळं भाडं आणि वाटेत चढ-उतार असेल, तर ती ‘टप्पा वाहतूक’. ही मुख्यतः एसटीची. सात ते बारा प्रवाशांची गाडी म्हणजे मॅक्सीकॅब. ती ‘कंत्राटी वाहन’ या व्याख्येत येते, आणि प्रवाशांकडून वेगवेगळं भाडं घेतलं तरी येते, असं कायदाच म्हणतो. आपली काळी-पिवळी जीप या फटीत उभी आहे. वेगळं भाडं घेणं चालतं, पण वाटेत हात दाखवणाऱ्याला घेत घेत जाणं हे टप्पा वाहतुकीचं काम. आणि प्रवाशाला तर नेमकं तेच हवं असतं.

पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीत बसणाऱ्याची स्थिती आणखी कठीण. अपघात झाला तर विमा कंपनी आधी परवाना बघते. परवाना असलेल्या गाडीतही, पॉलिसीत जितक्या सीट तितक्यांपुरतीच विमा कंपनीची जबाबदारी, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केलंय. जीपमध्ये चौदावा माणूस म्हणून बसलेल्याच्या घरच्यांना हे अपघातानंतर कळतं.

कॅनडातल्या एका गावाने टॅक्सीलाच बस केलं

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात इनिसफिल नावाचं गाव आहे. तेव्हा वस्ती सुमारे ३६ हजार, पण पसरलेली. बससेवा नव्हती. गावाने हिशेब केला: एक बस चालवायला वर्षाला २ लाख ७० हजार डॉलर, दोन बसला ६ लाख १० हजार. एवढं करूनही बस सगळ्या गावापर्यंत पोचणार नाहीत.

मग मे २०१७ मध्ये त्यांनी उबरशी करार केला. रेल्वेची बस, ग्रंथालय, नगरपालिका अशा ठरावीक ठिकाणी जायचं असेल तर प्रवाशाने ३ ते ५ डॉलर द्यायचे, वरचे गाव देईल. बाकी कुठेही जायचं असेल तर ५ डॉलरची सूट. जगभर बातम्या झाल्या. बसशिवाय सार्वजनिक वाहतूक!

लोकांना सेवा आवडली. अडचण तिथेच सुरू झाली. २०१८ मध्ये गावाचा खर्च सहा लाख डॉलरच्या पुढे गेला, म्हणजे ज्या दोन बस महाग म्हणून नाकारल्या होत्या त्यांच्या बरोबरीला आला. एप्रिल २०१९ मध्ये भाडं एका डॉलरने वाढवावं लागलं, सूट ५ वरून ४ डॉलर झाली आणि एका माणसाला महिन्याला ३० फेऱ्यांची मर्यादा आली.

३० फेऱ्या म्हणजे काय, याचा विचार करा. जाऊन-येऊन पंधरा दिवस. महिन्याला पंचवीस दिवस कामावर जाणाऱ्याने उरलेले दहा दिवस काय करायचं? बसमध्ये महिन्याचा पास जितका जास्त वापराल तितकं चांगलं असतं. इथे जास्त वापरणारा माणूस गावाला महाग पडायला लागला.

कारण साधं आहे. बसचा खर्च फेरीचा असतो. पाच बसले काय आणि तीस बसले काय, डिझेल जवळपास तेवढंच, त्यामुळे गर्दी वाढली की माणशी खर्च कमी होतो. एकेकट्या माणसाला नेणाऱ्या टॅक्सीत प्रत्येक नव्या प्रवाशामागे नवा खर्च. सेवा जितकी यशस्वी, तितकं बिल मोठं. अनुदानित टॅक्सीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर माझ्या मते ती ही.

म्हणून आपल्याकडे ‘बटण दाबा, गाडी घरी येईल’ असलं मॉडेल आणायचा मोह टाळलेला बरा. आपली शेअर जीप या दोन्हींच्या मधली आहे. ती छोटी आहे म्हणून स्वस्त, आणि दहा जण एकत्र जातात म्हणून तिचा खर्च बससारखा फेरीचा आहे. इनिसफिलला जे नव्याने शोधावं लागलं असतं, ते आपल्या प्रत्येक फाट्यावर आधीच उभं आहे. फक्त त्याला वेळापत्रक नाही.

भारतात कुणी काय केलं?

बिहारने २०१८ मध्ये ‘मुख्यमंत्री ग्राम परिवहन योजना’ आणली. प्रत्येक पंचायतीत अनुसूचित जाती-जमाती आणि अतिमागास वर्गातल्या तरुणांना ४ ते १० सीटची गाडी घ्यायला किमतीच्या निम्मं, कमाल १ लाख रुपये अनुदान. आधी पंचायतीमागे पाच गाड्या, नंतर सात. रोजगाराची योजना म्हणून चांगली. पण पैसा गाडी घ्यायला मिळाला. ती रात्री आठला चार प्रवासी घेऊन सुटावी यासाठी नाही. गाडी आली तरी ‘भरल्याशिवाय सुटणार नाही’ हा नियम तसाच राहतो.

केरळने उलटा रस्ता घेतला. जुलै २०२२ मध्ये तिथे ‘ग्रामवंडी’ सुरू झाली. बस आणि कर्मचारी सरकारी महामंडळाचे, डिझेलचे पैसे ग्रामपंचायतीने भरायचे आणि मार्ग, वेळा पंचायतीने सांगायच्या. यातला पंचायतीला मिळणारा अधिकार मला महत्त्वाचा वाटतो. कुठल्या वाडीला कधी गाडी लागते, हे मंत्रालयापेक्षा पंचायतीला जास्त कळतं.

आपल्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ आला तो झारखंड. तिथल्या २०२३ च्या ‘मुख्यमंत्री ग्राम गाडी योजने’त खासगी गाड्यांना १ रुपयात परवाना, करात सवलत आणि चालवण्यासाठी आर्थिक मदत ठेवली. बदल्यात ज्येष्ठ, विद्यार्थी, दिव्यांग, विधवा यांना त्या खासगी गाडीत मोफत प्रवास. म्हणजे सवलत सरकारी बसमधून सुटली आणि माणसाबरोबर खासगी गाडीत गेली.

आणि खरं तर महाराष्ट्रात आणि देशभरातही याचा एक छोटा नमुना आधीपासून आहे. जवळ शाळा नसलेल्या मुलांना समग्र शिक्षा योजनेत वाहतूक भत्ता मिळतो, वर्षाला कमाल ६,००० रुपये. चार-सहा पालक एकत्र येऊन त्यातून रिक्षा किंवा जीप लावतात. सरकार त्याला अनुदानित टॅक्सी म्हणत नाही, पण आहे ती तीच.

तामलवाडीत हे कसं दिसेल?

सगळ्यात सरळ मार्ग एसटीतूनच जातो. एसटी आता फक्त स्वतःच्या गाड्या चालवत नाही. शिवशाहीच्या काळापासून खासगी मालकाची बस, त्याचा चालक, आणि एसटी किलोमीटरप्रमाणे पैसे देणार, ही पद्धत रुळली आहे. ५,१५० इलेक्ट्रिक बसचा करार याच धर्तीवर झाला. मग बाराऐवजी दहा सीटची, स्थानिक मालकाची जीप याच पद्धतीने का घेता येऊ नये? वेळापत्रक एसटीचं, तिकीट एसटीचं, त्यामुळे महिलांचं अर्धं तिकीट आणि ज्येष्ठांचा मोफत प्रवास आपोआप लागू. गाडी ठरलेल्या परवान्यावर, म्हणून विमाही पक्का. हायवेवरच्या बसशी वेळ जुळवून गावातून फाट्यापर्यंत यायचं, एवढंच तिचं काम.

पैसे प्रवाशामागे नव्हे, तर वेळेवर झालेल्या फेरीमागे द्यायला हवेत. नाहीतर कागदावर प्रवासी वाढतात आणि गाडीत नाही. फेरी झाली की नाही, हे तपासणं सोपं आहे. १ जानेवारी २०१९ नंतर नोंदलेल्या प्रवासी वाहनांमध्ये जागा दाखवणारं उपकरण बंधनकारकच आहे (रिक्षा सोडून). वर्षाच्या फेऱ्या आधी ठरलेल्या, म्हणजे खर्चही आधीच ठरलेला. इनिसफिलसारखं बिल फुगत नाही.

विरोध होणार, आणि तो निराधार नाही. एसटी कर्मचारी विचारतील, की आज आतल्या गावची फेरी जीपला दिली, उद्या तालुक्याची देणार नाही कशावरून? मागच्या दाराने खासगीकरण म्हणतात ते हेच. त्यामुळे ज्या मार्गावर एसटीची फेरी चालू आहे तिथे जीप नाही, ही अट करारात लिहिलेली असावी लागेल. दुसरीकडे जीपमालकही लगेच तयार होणार नाहीत. सरकारी बिल सहा महिने अडकलं तर हप्ता कोण भरणार? हा प्रश्न विचारणारा जीपमालक चुकीचा आहे, असं म्हणायची सोय नाही.

तामलवाडीची आणखी एक खास अडचण आहे. गाव धाराशिव जिल्ह्यात, तालुका तुळजापूर, गाडीचा नंबर एमएच २५. रोजची ओढ मात्र सोलापूरकडे, म्हणजे एमएच १३ कडे. एसटीचा धाराशिव विभाग वेगळा, सोलापूर विभाग वेगळा. परवाना देणारं प्रादेशिक परिवहन प्राधिकरणही हद्दीप्रमाणे. तामलवाडी ते सोलापूर अशा फेरीसाठी दोन जिल्ह्यांच्या कार्यालयांनी एकत्र बसावं लागतं आणि तुटीचे पैसे कुणाच्या खात्यातून जाणार, हे आधी ठरवावं लागतं. विमानाच्या बाबतीत ते सोपं होतं, मंत्रिमंडळाने एका बैठकीत ठरवलं.

त्या १७ कोटी ९७ लाखांना ३६५ ने भागलं, तर दिवसाला ४ लाख ९२ हजार रुपये येतात. आपण वर धरलेल्या हिशेबात, चार प्रवासी घेऊन सुटणाऱ्या जीपची तूट फेरीला ३०० रुपये होती. तेवढ्या पैशात रोज अशा सोळाशेहून जास्त फेऱ्या सुटतील.